मृणालच्या नावावर

पीटीच्या सरांनी टिकल्यांचं पाकीट फोडलं. त्यातली एक लाल टिकली काढली. माझी हनुवटी वर केली, कपाळावर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली.

"हं. आता झाली मृणाल."

मंगरूळपीरला बसस्टँडसमोर फोटोचा स्टुडिओ होता. मागे निळा पडदा, पुढे स्टूल. फोटोवाला मला ओळखत होता. त्याच्या घरच्या गाद्या माझ्या अब्बांनी भरल्या होत्या. त्याने कॅमेरा खाली केला. "सर, हे तं पिंजाऱ्याची पोट्टी हाय ना?"

"तू फोटो काढ," सर म्हणाले.

त्याने काढला. सहा प्रती केल्या. त्यातली एकही मला मिळाली नाही.

मी चौदा वर्षांची होते. टिकलीचा मला राग नव्हता. शेजारच्या काकूंच्या मुलींबरोबर खेळताना शंभरदा लावली असेल आणि ती बघून अम्मी हसलीही असेल. राग याचा, की मला कुणी विचारलं नाही. गुराच्या कानात बिल्ला मारताना गुराला विचारतात का? तसं. पण खरं सांगायचं तर हा राग त्या दिवशी आलाच नाही. त्या दिवशी मी स्टुडिओतून बाहेर आले आणि सरांनी दिलेला समोसा खाल्ला. आवडीने खाल्ला. राग यायला वर्ष लागलं.

आज मी नौदलात लेफ्टनंट आहे. पोस्टिंग विशाखापट्टणमला. बरोबरचे अधिकारी मला हसतात, कारण कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय मी सही करत नाही. कुणी 'बेटा' म्हणालं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी साधं पाणी फुंकते. लोकांना वाटतं, स्वभावच आहे हिचा. नाही. मला शिकवलं गेलं आहे.

आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, लग्नसराईत लोड-तक्के करून द्यायचे. घरात बोली वऱ्हाडीच, मधेमधे हिंदी. अब्बांचा गाळा शाळेच्या कंपाउंडला लागून होता. शाळा ज्या संस्थेची, तिच्या अध्यक्षांचीच ती जागा. गाव त्यांना दादासाहेब म्हणतं. आडनाव मी लिहीत नाही. जिल्ह्यात सगळ्यांना कळेलच.

गादी भरली की तिच्यावर घरच्या पोरांना नाचवायचं, म्हणजे कापूस सारखा बसतो. ही आमच्यातली रीत. आमच्या घरात ते काम माझ्याकडे होतं. नुसतं नाचून कंटाळा यायचा म्हणून मी कोलांट्या मारायला लागले. पुढे, मागे, हात न टेकता. अब्बा दाभणाने टाके घालत बसायचे आणि मान वर न करता म्हणायचे, "त्या कोपऱ्यावर मार, कोपरा उचलला हाय."

शाळेत एक हॉल होता. अनुदानातून आलेलं जिम्नॅस्टिक्सचं सामान त्यात धूळ खात पडलेलं. मॅट उंदरांनी कुरतडल्या होत्या. पीटीच्या सरांनी अब्बांना बोलावलं. ताडपत्रीची खोळ शिवून कमरेएवढी जाड गादी भरायची होती. मी दोरा-दाभण घेऊन बरोबर गेले. गादी भरून झाल्यावर अब्बा म्हणाले, "जाय, दाबून टाक." मी लांबून पळत आले आणि हवेत दोन फिरून पायांवर उभी राहिले.

सर दारात उभे होते. "पुन्हा मार," म्हणाले.

मी मारली.

"पुन्हा."

सरांनी मला शिकवलं, हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. सकाळी सहाला हॉल उघडायचे. व्हॉल्ट त्यांनी शिकवला. पंचवीस मीटर पळत यायचं, उसळीच्या फळीवर दोन्ही पाय आपटायचे, पुढच्या उंच टेबलावर हात मारून हवेत वळायचं आणि पलीकडे उभं राहायचं. सगळा मिळून सहा-सात सेकंदांचा खेळ. उभं राहिल्यावर पाऊल हललं नाही तर जिंकलात. माझं हलत नसे. अब्बांच्या गाद्यांनी पाय शहाणे केले होते.

मग स्पर्धेचे फॉर्म आले. सरांनी मला हॉलच्या मागे नेलं.

"तुह्या आधारवर तारीख चुकली हाय. या वर्षी तू वयात बसत नाई. मृणालच्या नावावर खेळ. पुढच्या वर्षी तुह्यं नाव टाकू."

मृणाल ही दादासाहेबांची मुलगी. माझ्याच वर्गात होती, पहिल्या बाकावर. तिला साधी गुलांट येत नव्हती. उंचीला मात्र आम्ही सारख्या.

बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. आमच्याकडे बसत नाही. आमच्याकडे 'नावावर खेळणं' ही चालत आलेली गोष्ट आहे. कबड्डीत, खोखोत, कुस्तीत, सगळीकडे. एका गावाचा धावणारा पोरगा दुसऱ्या शाळेच्या रजिस्टरवर असतो. त्याला बूट मिळतात, जेवण मिळतं, तो खूश. ज्याचं नाव लागलं त्याला दहावीला खेळाचे गुण मिळतात, तो खूश. यात कुणाचं काही गेलं असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नाही. अब्बांना तर नाहीच.

"नाव कागदावर रायते, बेटा," अब्बा म्हणाले. "उडी तं तुहीच हाय ना? ते कोण नेते?"

मला पटलं. इतकं पटलं की पुढे अनेक वर्षं मला माझीच लाज वाटायची.

तर फॉर्मवर फोटो माझा, नाव तिचं, शिक्का शाळेचा. जिल्हा झाला, विभाग झाला, राज्यस्पर्धेला गेलो. व्हॉल्टमध्ये मी पहिली आले. माइकवर 'कुमारी मृणाल' असं पुकारलं आणि मी चौथऱ्यावर चढले. पदक गळ्यात पडलं. जड होतं. परतीच्या गाडीत बसलो आणि सरांनी हात पुढे केला.

"दे इकडं. हारपशील."

मी मान खाली केली. त्यांनीच काढून घेतलं.

चार दिवसांनी गावात सत्कार ठेवला. आदल्या दिवशी शाळेचा शिपाई अब्बांकडे आला. स्टेजवर बैठक करायची होती, पांढऱ्या खोळीचे लोड, तक्के, गाद्या. अब्बांनी सगळं भरून दिलं. सकाळी मी आणि अम्मीने ते डोक्यावरून नेलं आणि मांडलं. नवा कापूस होता, फुगला होता, म्हणून अब्बांनी नेहमीसारखं मला त्यावर नाचायला लावलं. मंडपवाले बघून हसत होते.

दुपारी उघड्या जीपमधून मृणाल आली. गळ्यात पदक. गुलाल. ताशे. ती त्याच गादीवर बसली. मी स्टेजच्या खाली सतरंजीवर, मुलींच्या रांगेत. टाळ्या वाजवायच्या होत्या, वाजवल्या.

पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ भलतेच उत्साही निघाले. माइकवर म्हणाले, "आता आमच्या या कन्येनं एक उडी मारून दाखवावी!"

मंडप एकदम गप्प झाला. गप्प झाला म्हणजे मंडपाला माहीत होतं. निदान अर्ध्या मंडपाला. मृणालने बापाकडे पाहिलं. दादासाहेबांनी माइक ओढून घेतला.

"पायाले लागलं हाय तिच्या. डॉक्टरनं मना केलं."

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जखमी पायाने सुवर्ण आणलं म्हणून दुप्पट वाजवल्या. माझ्या शेजारची मुलगी मला कोपराने ढोसून खुदकन हसली. मीही हसले.  

आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मला शाळेत पाठ होती. त्या दिवशी कळलं, बीळ खणणाऱ्याला वर नागोबाची पूजाही करायला लावतात.

तरी मी पुढच्या वर्षावर डोळे लावून होते. पुढच्या वर्षी माझं नाव. सरांनी शब्द दिला होता.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी आधारची झेरॉक्स काढायला गेले. दुकानात गर्दी होती. उभ्या उभ्या मी कार्ड वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं. जन्मतारीख एक जून. आमच्याकडे निम्म्या पोरांची एक जूनच असते. आईबापांना तारीख आठवत नाही आणि गुरुजी लिहून टाकतात. पण वर्ष बरोबर होतं. हॉलच्या दारावर वयोगटाचा कागद चिकटवलेला होता. तिथे गेले आणि बोटावर वर्षं मोजली. दोनदा मोजली. मी वयात बसत होते. गेल्या वर्षीही बसत होते.

सरांकडे गेले. "सर, माझी तारीख बरोबर आहे."

"कोणं सांगितलं?"

"मी वाचली."

 "जास्ती वाचत जाऊ नोको," सर म्हणाले.

दुसऱ्या वर्षीच्या फॉर्मवर पुन्हा तोच फोटो लागला. मागच्या वर्षीच्या प्रती उरल्या होत्या. आणि तरीही मी गेले.  हॉल त्यांचा, सामान त्यांचं, गाळ्याची जागा त्यांची. आणि मला उडी मारायची होती. तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. जिल्हा जिंकला, विभाग जिंकला. पण त्या वर्षभरात माझं काहीतरी बिघडलं होतं. सर पाठीवर थाप मारायचे आणि मला वाटायचं, हा हात काय काढून घ्यायला आला आहे?

राज्यस्पर्धा पुण्याला होती. या वेळी दादासाहेब स्वतः मोटारीने आले. बरोबर मृणाल. तिच्या अंगात अगदी माझ्यासारखाच नवा ट्रॅकसूट. केस माझ्यासारखे बांधलेले. मी बघितलं आणि सरांकडे पाहिलं. सरांनी मला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलं.

"पेपरवाले आले हायेत. पदक घ्याले मृणाल जाईन. तू उडी झाली का मांगच्या दारानं निघजो, गाडीत जाऊन बसजो."

मागच्या दाराने.

गेल्या वर्षी निदान चौथरा माझा होता. दोन मिनिटं का होईना, पदकाचं वजन माझ्या मानेला कळलं होतं. आता तेही नको झालं होतं त्यांना. फक्त पाय हवे होते.

मी खडू हाताला लावला. धावपट्टीच्या टोकाला उभी राहिले. पाठीवर नंबर. माइकवरून पुकारलं, "कुमारी मृणाल, वाशिम जिल्हा." पंच बाईंनी हिरवा झेंडा वर केला. जिम्नॅस्टिक्समध्ये उडीआधी पंचांकडे बघून हात वर करायचा असतो. मी आहे, मी तयार आहे, असं त्यातून सांगायचं. हात वर केल्याशिवाय उडी धरत नाहीत.

मी हात वर केला नाही.

बाईंनी झेंडा पुन्हा हलवला. पुन्हा नाव पुकारलं. मी धावपट्टी सोडली आणि चालत त्यांच्या टेबलापाशी गेले.  

"मी मृणाल नाही," मी म्हणाले. "मृणाल वर बसली आहे. तिला बोलवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे. तोवर सर धावत आले होते. माझा दंड धरला. "मॅडम, ताप आहे हिला. काहीही बडबडते आहे."

"मला ताप नाही. हात लावून बघा," मी म्हणाले.

बाईंनी हात लावला नाही. कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर मला कळलं, त्यांनी लिहिलं होतं: सुरुवात केली नाही. आणि पुढचं नाव पुकारलं.

झालं. एवढंच. मला वाटलं होतं छप्पर कोसळेल. पुढची मुलगी धावली, उडी मारली, टाळ्या पडल्या.

बाहेर नळावर मी तोंड धूत होते. त्या पंच बाई आल्या. इकडेतिकडे पाहिलं.

"तुझं नाव काय?"

मी सांगितलं. पूर्ण, अब्बांच्या नावासकट.

"पुढच्या वर्षी या नावावर ये," त्या म्हणाल्या. "कुठूनही ये."

एवढं बोलून गेल्या. लोक म्हणतात, बघ, एक तरी चांगली भेटली. मलाही त्यांचं ते वाक्य पुरलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांना सगळं कळलं होतं आणि तरी त्यांनी कागदावर खरं लिहिलं नाही, हेही मी विसरलेले नाही. नळावर खरं बोलणं सोपं असतं.

गावात परतल्यावर हॉलला कुलूप लागलं. निदान मी दिसले की लागायचं. शाळेचं गाद्या-तक्क्यांचं काम बंद झालं. अब्बांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"कायले बोलली तू?" त्यांनी विचारलं.

"माझं नाव घेत नव्हते."

अब्बा सुईत दोरा ओवत होते. "माह्यं तरी कोण घेते? 'ए पिंजारी' म्हंते सारं गाव. हाक मारली का मी जात नाई काय?"

  मला एवढंच कळलं, की मला तसं जायचं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं पेपरात आलेलं आहे. अमरावतीला फुफीकडे, अब्बांच्या बहिणीकडे राहिले, तिथल्या शाळेत गेले, माझ्या नावाचा फॉर्म भरला. राज्य जिंकलं, राष्ट्रीय जिंकलं, कॉलेजात असताना खुल्या गटात दोनदा देशात पहिली आले. प्रत्येक स्पर्धेत टेबलावर जाऊन यादी बघायचे. कारकून वैतागायचे. "आहे ना बाई तुमचं नाव!" म्हणायचे. मी म्हणायचे, "बोट ठेवून दाखवा."

नौदलाच्या मुलाखतीत एका अधिकाऱ्याने माझी फाइल चाळली. "सोळाव्या वर्षी एकदम राज्यात सुवर्ण. त्याआधी काहीच नाही. आधी कुठे होतीस?"

मला वाटलं, हा सापळा आहे. खरं सांगितलं तर म्हणतील फसवणुकीत भागीदार होती. मी खुर्चीत सरळ बसले.

"खेळतच होते, सर. दुसऱ्या मुलीच्या नावावर. दुसऱ्या वर्षी नकार दिला."

त्यांनी पुढचा प्रश्न समुद्राबद्दल विचारला. मला खात्री झाली, गेलं. यादीत नाव आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं, मग मैत्रिणीला वाचायला लावलं. अकादमीत पहिल्या दिवशी छातीवर लावायला नावाची पाटी मिळाली. मी अक्षरं तपासली. पाटी देणारा म्हणाला, "मॅडम, चुकली तर बदलून देऊ." चुकली नव्हती.

इतक्या वर्षांत शाळेतून मला एक फोन नाही. आणि गेल्या महिन्यात एकदम निमंत्रण. 'भूमिकन्या सत्कार सोहळा.' शाल, श्रीफळ, मानपत्र. वर सूचना: वर्दीत यावे.

मी अब्बांना फोन केला. "अब्बा, यांना माझी आठवण काहून आली?"

"मोठी झाली तू. इज्जत देऊन राह्यले लोकं. हरेक गोष्टीत शक कायले करतं?"

शक केला. जुन्या वर्गमैत्रिणींना फोन लावले. तिसऱ्या फोनला उलगडा झाला. मृणालला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली होती. आधार काय, तर शालेय राज्यस्पर्धेतलं व्हॉल्टचं सुवर्ण. प्रमाणपत्रावर फोटो नसतो. आणि त्याच जागेसाठी प्रतीक्षा यादीत पहिली असलेल्या कामरगावच्या एका धावपटू मुलीने तक्रार केली होती. त्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात आमच्याच गाडीत होती. तक्रारीत तिने लिहिलं होतं, उडी हिने मारलेली नाही, पिंजाऱ्याच्या मुलीने मारली, ती आता नौदलात आहे, तिला विचारा.

मी रजा घेऊन गेले. वर्दी नेली नाही. साधा सलवार-कमीज घातला.

सत्काराआधी अध्यक्षांच्या खोलीत चहा. दादासाहेब म्हातारे झाले होते, पण खुर्ची तीच. पीटीचे सर आता मुख्याध्यापक. "ये बेटा, ये," दादासाहेब म्हणाले. मी आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. मृणाल कोपऱ्यात बसली होती. नजर देत नव्हती.

टेबलावर शाळेची अभिप्रायवही होती. मोठ्या पाहुण्यांनी शाळेबद्दल चार ओळी लिहून सही करायची, ही पद्धत. सरांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"मजकूर आमी लेहून ठेवला. तुले कायले तरास. सही तेवढी कर."

मी वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा शाळेची स्तुती दिसली. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा मधली ओळ दिसली: 'माझी सहकारी कु. मृणाल हिने राज्यस्पर्धेत व्हॉल्ट प्रकारात मिळवलेले सुवर्णपदक मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' खाली माझं नाव, हुद्दा, आणि सहीसाठी जागा.

ताकाला जायचं तर भांडं कशाला लपवता? मी तसंच म्हणाले.

दादासाहेब हसले. "बेटा, जुनं उकरून कोणाचं भलं झालं? तुह्ये अब्बा एवढी वर्सं आमच्या जागेत हायेत. आमी कधी निघ म्हटलं काय?"

म्हणजे आता म्हणणार.

मग मृणाल उठली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.  "मला तेव्हा कुणी विचारलं होतं का गं?" ती म्हणाली. "जीपमध्ये बसवलं, बसले. शाळेत मुली मागून काय बोलायच्या, ते तुला माहीत आहे. आता ही नोकरी गेली तर मी कुठे जाऊ? मला लहान मुलगी आहे."

ती खोटं बोलत नव्हती. मी बरेच दिवस तिचा द्वेष करायचा प्रयत्न केला आहे, नीट जमलेला नाही. तिलाही कुणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण चौदाव्या वर्षी. नोकरीचा अर्ज तिने चोविसाव्या वर्षी भरला होता. स्वतःच्या हाताने.

"तुझ्या खुर्चीत जी बसायला हवी होती, तिचं काय?" मी विचारलं. "ती कामरगावची. ती खरंच पळाली आहे."

मृणाल परत कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. 

अब्बा माझ्याबरोबर आले होते, ते दारातच उभे होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते आत आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "करून टाक सही, बेटा. तू चालली जाशीन समुद्रावर. मले अथीच राह्यचं हाय."

दुसऱ्या कुणाचं काही मला इतकं लागलं नाही. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं, मी पुसलंही नाही. ज्या माणसाने मला पायांवर उभं राहायला शिकवलं तो माझ्यापुढे हात जोडायच्या बेतात होता, आणि तेही दादासाहेबांसाठी नव्हे, स्वतःच्या बसायच्या चार हात जागेसाठी. सही केली असती तर अब्बांचं म्हातारपण त्या गाळ्यात निवांत गेलं असतं. हे मला माहीत होतं. मी पेन उचललं तेव्हाही माहीत होतं.

त्यांच्या मजकुरावर मी एक आडवी रेघ मारली. शाई झिरपेल इतकी जोरात. मग खाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'हे सुवर्णपदक मृणाल हिने मिळवलेले नाही. तिच्या नावावर मी खेळले. फोटो माझा होता. हे शाळेला, सरांना आणि अध्यक्षांना माहीत होते.' सही केली. पूर्ण नाव, अब्बांच्या नावासकट. सर वही ओढायला लागले. मी वही धरून ठेवली आणि मोबाइलवर पानाचा फोटो काढला. तिथेच उभं राहून तो कामरगावच्या मुलीला पाठवला. तिचा नंबर मी मैत्रिणीकडून घेऊन ठेवला होता.

शाल टेबलावर तशीच राहिली. बाहेर मंडपात माणसं वाट बघत होती. मी मंडपातून, पुढच्या दाराने गेले.

अब्बा माझ्याशी बोलत नाहीत. आज आठवा दिवस. गाळा खाली करायची नोटीस आली आहे. मी ती तीनदा वाचली. अम्मी सामान बांधते आहे आणि अब्बा तिला हात लावू देत नाहीत. मी त्यांना विशाखापट्टणमला चला म्हणाले. ते माझ्याकडे न बघता अम्मीला म्हणाले, तथी मले कोण ओळखते. त्यांचं बरोबर आहे. माझ्या एका सहीची किंमत ते भरत आहेत आणि मी त्यांना विचारलं नाही. हे माझ्या अंगावर आहे आणि राहील. कुणी माझी पाठ थोपटायला येऊ नये.

पण मी मागे फिरणार नाही. पदक मला नको. ते त्यांनी विहिरीत टाकावं. त्या तक्रारीवरच्या पडताळणीची सुनावणी मंगळवारी वाशिमला आहे. ते वकील आणतील, मला खोटारडी म्हणतील, माझ्या जातीवर जातील, धर्मावर जातील, नोकरीवर येतील. येऊ देत. मी रजा वाढवून घेतली आहे. या वेळी वर्दी घालून जाणार आहे. त्या कामरगावच्या मुलीचा चेहराही मला आता आठवत नाही, ती कशी आहे, भली की बुरी, मला माहीत नाही. तरी तिच्या शेजारी जाऊन बसणार. जे घडलं ते शपथेवर सांगणार. त्यांनी ते लिहून घेतलं की कागद मागून घेणार, शब्दन्‌शब्द वाचणार, आणि एक शब्द जरी इकडचा तिकडे असला, तर तो बदलून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही.